किंवा : एकच, की दोन्हीही चालतील?

प्रोग्रॅमिंगचे प्राथमिक धडे मराठीत आणतोय. दोन अटी जोडणाऱ्या 'ऑर'साठी सरळ 'किंवा' लिहिलं. तपासणाऱ्यांचा शेरा आला : किंवा म्हटलं की दोघांतलं एकच, इथे दोन्ही अटी खऱ्या असल्या तरी उत्तर खरं येतं, म्हणून शब्द बदला. मला हे पटत नाही. 'ताप किंवा खोकला असल्यास घरीच थांबा' ही सूचना दोन्ही असणाऱ्यालाही लागू होतेच ना? आणि मग 'एक्सऑर'ला, म्हणजे दोघांतली एकच अट खरी असेल तरच खरं ठरणाऱ्या जोडणीला, काय म्हणावं?

— तुमचं बरोबर आहे. एकाचीच निवड मागतो तो 'की'. 'दिवा चालू आहे की बंद?' व्याकरणाने की, किंवा, अथवा सगळे 'विकल्पबोधक' म्हणून एकाच खणात टाकले, घोळ तिथून सुरू होतो. एक्सऑरला 'नेमकं एक' म्हणा.

— 'की' प्रश्नातच शोभतो, विधानात कसा बसवणार? तसा 'किंवा'ही मूळचा किम् + वा, म्हणजे प्रश्नातूनच आलेला. ऑरला 'अथवा' आणि एक्सऑरला 'किंवा' असं एकदाचं ठरवून टाकावं.

— असं ठरवून भाषा चालत नाही हो! बोलताना या दोघांत कोण फरक करतं? हे तर्काचं गणित मांडणाऱ्या खुद्द जॉर्ज बूलच्या १८५४च्या ग्रंथात 'किंवा'साठीचं बेरजेचं चिन्ह एकमेकांत न मिसळणाऱ्या वर्गांपुरतंच होतं. दोन्ही चालणारा अर्थ पुढे तर्कशास्त्रज्ञ जेव्हन्झने घेतला.

— 'किंवा'पेक्षा 'आणि' जास्त रडवतो. 'लाल आणि निळ्या वस्तू दाखवा' अशी मागणी येते. नवशिका लिहितो : रंग लाल 'अँड' रंग निळा. यादी रिकामी! आपला 'आणि' दोन ढीग एकत्र करतो. अट मात्र एकेका वस्तूला लावली जाते, तिथे 'ऑर'च हवा.

— नकाराचं काय मग? 'दोन्ही दारं बंद नाहीत.' एकही बंद नाही, की निदान एक उघडं आहे? 'दोन्ही' नाकारलं की 'निदान एक नाही' उरतं, या डी मॉर्गनच्या नियमाने 'निदान एक उघडं' हेच उत्तर येतं, कानाला मात्र दोन्ही अर्थ लागतात. मी तर अशा वाक्यात 'निदान एक' लिहिल्याशिवाय पुढे जात नाही.

— आधी 'बूलियन'लाच, म्हणजे फक्त खरं किंवा खोटं असणाऱ्या किमतीला, मराठी शब्द द्या. 'सत्यासत्य' छान आहे.

— कशाला? ते बूलच्या नावावरून आलंय. व्होल्ट, ॲम्पिअरचं कुणी भाषांतर केलं का?

— ती एककं आहेत, मोजताना वापरायची. 'सत्यासत्य' म्हटलं की दोनच किमती आहेत हे मुलाला लगेच कळतं. 'बूलियन'मधून काय कळतं?