फायबर तुटलं तरी राउटर ४जीवर जाऊनच नाही राह्यला, मदत करा

नमस्कार मंडळी, मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात सेवा केंद्र चालवतो, सातबारा, दाखले, पीक विमा, केवायसी सगळंच. आमच्याकडे रस्त्याचं काम सुरू आहे अन् जेसीबी आठवड्यातून एकदा तरी फायबर उचकटतेच, म्हणून सिमवाला ४जी राउटर घेतला अन् दोन्ही कनेक्शन मायक्रोटिकला (हा मधला मुख्य राउटर) लावले. वाटलं आता टेन्शन गेलं, पण कुठलं काय.

सेटिंग अशी आहे, पहिल्या पोर्टात फायबरचा डब्बा, गेटवे (बाहेर जायचं दार) १९२.१६८.१.१. दुसऱ्यात ४जी, गेटवे १९२.१६८.८.१. दोन डिफॉल्ट रूट (नेटवर जायचे रस्ते) टाकले, फायबरला डिस्टन्स १, ४जीला २ (कमी आकडा पहिला), दोन्हीवर चेक गेटवे पिंग (दार जिवंत आहे का ते विचारणं). मास्करेड (आतल्या मशीनींना राउटरच्या आयपीनं बाहेर पाठवणं) दोन्ही पोर्टांवर आहे. मायक्रोटिकची सिस्टीम राउटरओएस ७.

आता गंमत पाहा, पहिल्या पोर्टातली वायर मी हातानं उपसली तर लगेच ४जीवर जाते, एकदम झकास. पण बाहेर खरंच केबल तुटली की डब्ब्यावर लाल दिवा लुकलुक करते अन् मायक्रोटिकमधे फायबरचा रूट तसाच अ‍ॅक्टिव्ह दिसते. काल एक आजी मशीनवर अंगठा ठेवून बसली होती, निंदण करून करून आधीच रेघा पुसल्या, त्यात नेट नाही. मले म्हणते, "बाप्पा, काऊन घासून राह्यला माह्या अंगठा." शेवटी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम केलं. मंग दोन कनेक्शनचा उपेग काय?

तारवाला: भाऊ, वायर उपसली की चालते हे तुम्हीच लिहिलं ना, उत्तर तिथंच आहे. चेक गेटवे फक्त गेटवेला पिंग करते. तुमचा गेटवे कोण, तर टेबलावरचा फायबरचा डब्बा. इन्व्हर्टरवर असेल तर तो कायम जिवंत, बाहेर तार तुटो की खांब पडो, मायक्रोटिकला तो "आहे मी" म्हणूनच सांगणार. पिंग डब्ब्याच्या पलीकडच्या कोणाला तरी गेला पाहिजे.

करायचं असं: ८.८.८.८ (गूगलचा बाहेरचा सर्व्हर) साठी एक वेगळा रूट टाका, गेटवे १९२.१६८.१.१, स्कोप १०. मग फायबरच्या डिफॉल्ट रूटमधे गेटवेच्या जागी ८.८.८.८ लिहा, चेक गेटवे पिंग ठेवा अन् टार्गेट स्कोप ११ करा. व्हर्जन ६ मधे १० चालायचा, ७ मधे ११ लागते, इथंच लोक अर्धा दिवस घालवतात (मीही घालवला). याला रिकर्सिव्ह रूट म्हणतात, एक रूट दुसऱ्याच्या आधारानं शोधला जातो, त्यासाठीच हे स्कोपचे आकडे. दर १० सेकंदाला पिंग, लागोपाठ दोन चुकले की रूट पडतो, म्हणजे २०-२५ सेकंद धरून चला.

अन् डीएचसीपी क्लायंटमधे (आयपी आपोआप घेणारी सेटिंग) "अ‍ॅड डिफॉल्ट रूट" चालू असेल तर बंद करा, नाहीतर तो आपला रूट गुपचूप टाकून बसलेला असते अन् तुमची सगळी मेहनत पाण्यात.

धागाकर्ता: दादा तो डीएचसीपीवाला रूट होताच, काढला. बाकी तुम्ही सांगितलं तसं केलं. डब्ब्याची मागची फायबरची पिन काढून पाह्यलं, अर्ध्या मिनिटात ४जीचा रूट अ‍ॅक्टिव्ह! पण आता वेगळंच होऊन राह्यलं, ४जीवर गेल्यावर कोणतीच साइट उघडत नाही. मायक्रोटिकमधून १.१.१.१ ला पिंग जाते, कॉम्प्युटरवरून पण जाते, पण नाव टाकलं की मेलं. पिन परत लावली की सगळं चालू. सिममधे डेटा आहे, पाह्यला.

रातपाळी: कॉम्प्युटरला डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी सांगणारा सर्व्हर) कोणता दिलाय? मी पैज लावतो ८.८.८.८.

धागाकर्ता: हो. कसं ओळखलं बा?

रातपाळी: अहो तुम्ही ८.८.८.८ ला फायबरच्याच दारात बांधून ठेवलं ना. त्याचा वेगळा रूट १९२.१६८.१.१ मधूनच जातो अन् डब्बा जिवंत असल्यामुळे तो रूट कधी पडतच नाही. म्हणजे बाकी सगळं नेट ४जीवर गेलं तरी नाव विचारायला कॉम्प्युटर मेलेल्या फायबरकडेच जातात. तपासणीसाठी जो आयपी वापरला तो दुसऱ्या कशालाच वापरायचा नाही. तपासणीला ८.८.४.४ घ्या, कॉम्प्युटरला डीएनएस म्हणून मायक्रोटिकचाच आयपी द्या, रिमोट रिक्वेस्ट (कॉम्प्युटरचे प्रश्न मायक्रोटिकनं घ्यायचे) चालू करा अन् त्याच्यात १.१.१.१ टाका. फक्त बाहेरून पोर्ट ५३ (डीएनएसचा) फायरवॉलमधे अडवा, नाहीतर अख्खी दुनिया तुमच्याकडे नावं विचारत येईल.

तारवाला: बरोबर, माझ्या लिहिण्यातून हे सुटलंच. सॉरी भाऊ.

धागाकर्ता: झालं!! आज दुपारी जेसीबीनं परत केबल तोडली, पहिल्यांदा मले आनंद झाला. मधे थोडं थांबलं, मंग सातबारा निघाला. एकच राह्यलं, कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डब्बा) तेवढा ४जीवर ऑनलाइन येत नाही, रीस्टार्ट केला की येते.

रातपाळी: तो जुनंच कनेक्शन धरून बसतो, सारखे पॅकेट पाठवत राहतो म्हणून नोंद संपत नाही, अन् त्या नोंदीत नॅट (पत्ता बदलणं) फायबरच्या आयपीचं. पोर्ट बंद पडलं असतं तर मास्करेडनं नोंदी पुसल्या असत्या, पण तुमचं पोर्ट चालूच राहते. फायरवॉलच्या कनेक्शनमधे जाऊन त्याच्या नोंदी काढा, किंवा नेटवॉचमधे (आयपीवर लक्ष ठेवणारं टूल) ८.८.४.४ डाउन झाला की काढायची स्क्रिप्ट लावा.

पण खरं सांगू का, सिमचा रोजचा डेटा किती आहे तुमचा? मोबाईलवर कॅमेरे पाहत बसले तर दुपारपर्यंत संपेल अन् केवायसी परत लटकेल. मी तर डीव्हीआरच्या आयपीला दुसऱ्या पोर्टातून बाहेर जायला ड्रॉप (अडवायचा नियम) लावला असता.

धागाकर्ता: दीड जीबी. ड्रॉपच लावतो.