हक्का नूडल्सचा गिचका होतो, मदत हवी आहे

आमच्या घरी दर बुधवारी रात्री हक्का नूडल्स करायच्या, असे मुलांनी परस्पर ठरवून टाकले आहे. मी साडेसातला कामावरून परतते आणि साडेआठला पाने घ्यायची असतात. वेळ पुरतो, चवही बरी असते. पण गेले चार बुधवार नूडल्स सुट्या न राहता त्यांचा ओलसर गिचका होत आहे. नेमके कुठे चुकते हे माझ्या लक्षात येत नाही, म्हणून कृती सविस्तर लिहिते.

चौघांसाठी ३०० ग्रॅम कोरड्या, मैद्याच्या, बिनअंड्याच्या नूडल्स मोठ्या पातेल्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून उकळते. पाकिटावर पाच मिनिटे लिहिली आहेत, मी चार मिनिटांनीच चाळणीत ओतते आणि वरून गार पाणी घालते. तोवर लोखंडी कढईत तेल तापवून लसूण, पातीचा कांदा, गाजर, ढोबळी मिरची आणि अर्धा लहान कोबी मोठ्या आचेवर परतते. भाजीवर नूडल्स घालते आणि मग चार मोठे चमचे सोया सॉस, दोन चमचे मिरची सॉस व एक चमचा व्हिनेगर असे एकत्र कालवलेले मिश्रण मध्यभागी ओतते. सोया सॉस इतका घालण्याचे कारण एवढेच, की कमी घातला तर गाडीवरच्या नूडल्सचा तो तपकिरी रंग येत नाही आणि मुले ‘पांढऱ्या नूडल्स’ म्हणून नाके मुरडतात.

एक गोष्ट मात्र दर वेळी जाणवते. भाजी परतताना कढईचा चर्र असा आवाज चालू असतो. नूडल्स पडल्या की तो मंदावतो आणि सॉस ओतला की पूर्ण थांबतो. त्यानंतर कढईतून केवळ वाफ येत राहते, उलथन्याला नूडल्सचे पुंजके चिकटतात आणि सोडवायला गेले की तुकडे पडतात. तेल वाढवून पाहिले, तर नूडल्स तेलकट होऊनही चिकटल्याच. दोष उकळण्यात आहे, कढईत आहे की घरच्या शेगडीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

तुमचे निदान तुम्हीच आवाजावरून केले आहे. चर्र थांबले याचा अर्थ कढईत परतणे संपून शिजवणे सुरू झाले. घरच्या मोठ्या बर्नरची उष्णता २ किलोवॅटच्या आसपास धरली आणि तिच्यातील साठ टक्के कढईत पोहोचते असे मानले, तर केवळ १०० ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. कोबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते, ओल्या नूडल्सना बरेच पाणी चिकटून येते आणि त्यावर तुमचे सात चमचे पातळ मिश्रण पडते. इतक्या पाण्याला तुमची शेगडी पुरी पडत नाही आणि तेवढ्या वेळात नूडल्सवरचा स्टार्च खळीसारखा होऊन त्या एकमेकींना धरून बसतात. गाडीवाल्याची भट्टी कित्येक पट प्रखर असते, शिवाय तो एका वेळी एकदोन प्लेटच करतो. ग्वांगडाँग आणि हाँगकाँगचे स्वयंपाकी ज्या धुरकट स्वादाला ‘वॉक हेई’ म्हणतात, तो त्या धगीतून येतो. घरी तो पूर्णपणे साधणार नाही, पण सुट्या नूडल्स नक्की साधतील.

नूडल्स सकाळीच उकळा, गार पाण्याखाली हाताने चोळून धुवा, पंचावर पसरून तासभर सुकू द्या आणि थोडे तेल चोळून डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. उकळताना पाण्यात घातलेले तेल बहुतेक पाण्याबरोबरच निघून जाते, म्हणून ते तेव्हा घालू नका. रात्री ३०० ग्रॅमचा घाणा एकदम न घालता दोनदा करा. भाजी आधी परतून ताटात काढा, कढई पुन्हा तापवा, नूडल्स पसरून अर्धा मिनिट अजिबात हलवू नका आणि खालची बाजू खरपूस झाल्यावरच उलटा. भाजी सर्वांत शेवटी मिसळा.

रंगासाठी सोया सॉस वाढवणे हे तर दुखण्याचे मूळच आहे. तुमच्याकडचा बहुधा पातळ, खारट प्रकारचा असावा. गडद सोया सॉस वेगळा मिळतो, त्याचा अर्धा लहान चमचा एका घाण्याला रंगासाठी पुरतो आणि खारटपणासाठी पातळ सॉस एक चमचा बास होतो. सॉस मध्यभागी न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडा. मिरची सॉस शक्यतो ताटात वरून घ्यावा, कारण अनेक बाटल्यांत घट्टपणासाठी स्टार्च घातलेला असतो.

मूळ लेखिका

काल सांगितल्याप्रमाणे केले. पंचावर पसरलेल्या नूडल्स हाताला रबरासारख्या आणि कोरड्या लागत होत्या, त्यामुळे त्या कडक राहतील अशी धास्ती वाटली. परंतु कढईत पडताच त्या सुट्या झाल्या आणि चर्र आवाज शेवटपर्यंत टिकला. पहिला घाणा उत्तम झाला. दुसरा मात्र तळाला लागला, आणि व्हिनेगर पडले तिथे कढईचा काळा थर जाऊन राखाडी डाग दिसू लागला आहे. ही कढई सासूबाईंची आहे, त्यामुळे तो डाग त्यांच्या नजरेला पडण्याआधी उपाय हवा आहे.

प्रतिसाद

पहिल्या घाण्यानंतर तळाशी राहिलेला सॉस दुसऱ्यात करपतो, म्हणून मध्ये कढई गरम पाण्याने घासून, कोरडी करून पुन्हा तेलाचा हात फिरवावा. आंबट पदार्थाने लोखंडावरचा तेलाचा थर निघतो, त्यात कढई बिघडत नाही. घासून, पुसून, अगदी पातळ तेल लावून ती धूर येईपर्यंत तापवा आणि असे तीन-चार वेळा करा. यापुढे व्हिनेगर गॅस बंद केल्यावर, ताटात वाढून झाले की वरून शिंपडा.