एकाच वेतातली दोन पिल्ले

धागाकर्ता: सशाच्या एकाच वेतातली दोन पिल्ले डोळ्यांसमोर आणा. एक कुणाच्या घरी जाते, त्याला नाव मिळते आणि कान दुखला तर पशुवैद्याकडे नेले जाते. दुसरे मांसासाठी वाढवतात आणि साधारण तीन महिन्यांच्या आत कापतात. दोघांची मज्जासंस्था सारखीच, भीतीने अंग चोरून बसण्याची रीतही सारखीच. प्राण्यांना विचार करता येतो का किंवा बोलता येते का हा प्रश्न नसून त्यांना यातना होतात का हा खरा प्रश्न आहे, असे इंग्लिश तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी १७८९ मध्ये मांडले होते. त्या कसोटीवर या दोघांत फरक उरत नाही. उरते ती आपली सोय, आणि तिला नैतिकता म्हणणे मला पटत नाही.

प्रतिसाद १: यातनेची कसोटी योग्यच आहे, पण ती एकटी पुरत नाही. जो प्राणी आपण घरात आणला, ज्याला आपल्या हातून खाण्याची आणि दाराची कडी वाजताच धावत येण्याची सवय लावली, त्याला आपण न बोलता शब्द दिलेला असतो. स्वतःच्या मुलासाठी जे करतो ते जगातल्या प्रत्येक मुलासाठी करत नाही, म्हणून आपल्याला कोणी ढोंगी ठरवत नाही. मांसासाठी वाढवलेल्या प्राण्याला असा शब्द दिलेला नसतो. त्याचे हाल करू नयेत, एवढे कर्तव्य मात्र उरते.

धागाकर्ता: मुलाचे उदाहरण आपल्यावरच उलटते. शेजाऱ्याच्या मुलाची फी मी भरत नाही, म्हणून त्याला इजा करण्याची मुभा मला मिळत नाही. नात्याने कर्तव्य वाढते. नाते नसल्याने समोरच्याचा जगण्याचा हक्क घटत नाही. आणि हाल न करण्याचे म्हणाल, तर ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत कापण्याच्या वजनाला येते, आणि ही वाढ इतकी झपाट्याची असते की पुष्कळ पक्ष्यांचे पाय स्वतःचाच भार पेलत नाहीत.

प्रतिसाद २: पाळीव प्राणी सुखी असतो, हे तुम्ही दोघांनीही गृहीत धरले आहे. चपट्या तोंडाच्या अनेक पग कुत्र्यांना धड श्वास घेता येत नाही, आणि ते तोंड माणसाने कौतुकापोटी, पिढ्यान्पिढ्या निवड करून घडवले आहे. शिवाय मांजर जात्याच मांसाहारी. टॉरिन हे तिला आवश्यक असलेले पोषकद्रव्य तिच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, ते तिला खाण्यातून मिळवावे लागते, आणि निसर्गात ते मुख्यतः मांस-मासळीतूनच मिळते. म्हणजे एका लाडक्या जिवाच्या वाटीत दुसरे बिननावाचे जीव येणारच.

प्रतिसाद १: पगचा मुद्दा मान्य, तिथे दिलेला शब्द आपणच मोडला आहे. वाटीचे उत्तर मात्र धागाकर्त्यांनी द्यावे.

धागाकर्ता: माझ्याच घरी मांजर आहे आणि तिची वाटी मीच भरतो. बाहेरून टॉरिन घातलेले बिनमांसाचे खाद्य आणून पाहिले. तिने एक दाणा तोंडात धरला, खाली टाकला आणि माझ्याकडे पाहत बसली. दुसऱ्या दिवशी मी जुनाच डबा उघडला.