मदत हवी आहे: निस्सान वन-टन गरम झाली की चढावर बंद पडते, पण इंजिन बदलायचं नाही

वनटन_८१:

नमस्कार मंडळी,

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. घरी जुनी लष्करी निस्सान वन-टन आहे, जबलपूरच्या कारखान्यात बनलेली, पेट्रोल इंजिनची. सहा महिने एकाच दुखण्याच्या मागं लागलोय आणि आता माझी मती खुंटली आहे. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच येतील.

सकाळी गार इंजिन चोक ओढला की दुसऱ्या सेल्फला घेतं. सपाटीवर तक्रार नाही. बारा-पंधरा किलोमीटर झाले आणि कणकुंबीच्या बाजूचा चढ लागला की आधी जोर कमी होतो, मग गाडी दोन-तीन आचके देते, कार्बोरेटरमधून फट्ट असा आवाज येतो आणि बंद. मग सेल्फ कितीही मारा, घेत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते आणि पुन्हा थोडं अंतर जाऊन तेच. रिकामी असली तर उशिरा, पोती भरलेली असली तर लवकर.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगतो. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल सगळं नवं. बंद पडल्या पडल्या प्लग काढून ब्लॉकला टेकवून बघितला, ठिणगी निळी आणि जाड येते. रेडिएटर धुऊन घेतला, काटा कधी लाल पट्ट्यात गेला नाही. टाकी उतरवून साफ केली, तांबेरा ओंजळभर निघाला. टाकीच्या झाकणाचं वायसर कुजून पेट्रोल पाझरायला लागलं होतं म्हणून ट्रॅक्टरचं झाकण बसवलं, ते घट्ट बसलंय. कार्बोरेटर दोनदा उघडला. आणि पेट्रोल पंप खोलला तेव्हा डायाफ्राम, म्हणजे पंपातला रबरी पडदा, भिजवलेल्या पापडासारखा फुगून लिबलिबीत झाला होता. बोट लावलं तर काळं बोटाला आलं.

हे इथेनॉलचं काम, असं मिस्त्री म्हणाला, आणि मलाही ते पटतं. २०२२ साली देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल झालं, २०२५ साली २० टक्के. १९८१ च्या गाडीतलं रबर आणि बूच ह्या मिश्रणासाठी बनलेलंच नाही. आमच्या जिल्ह्यात निपाणीपासून खानापूरपर्यंत ऊस आहे, मी स्वतः दीड एकर लावतो. उसाला भाव मिळावा असं मलाही वाटतं. पण त्याच उसाचं इथेनॉल टाकीत पाणी ओढून घेतं हेही खरं आहे. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर गाडी शेडात उभी होती. दसऱ्याला फिल्टरची काचेची वाटी काढून उजेडात धरली तर वर पिवळसर पेट्रोल, खाली बोटभर गढूळ थर आणि तळाला तांबूस चिखल. थर खाली ओतून काडी लावली तर पेट्रोलसारखा भडका नाही, पाणी मिसळल्यासारखं मंद निळं जळलं.

डायाफ्राम बदलला, वाटी रोज बघतो. तरी दुखणं तसंच.

आता इंजिन का बदलायचं नाही ते. भेटेल तो म्हणतो, पेट्रोल काढ आणि डिझेल टाक. हिशेबानं त्यांचं बरोबर आहे. सहा सिलिंडर, ३९५६ सीसी, भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर द्यायलाही कुरकुरते. पण आमचे आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीत एमटीला, म्हणजे मोटार ट्रान्सपोर्टला, ड्रायव्हर होते. सतरा वर्षं ह्याच जातीच्या गाड्या चालवल्या. पेन्शनवर आले, आणि १९९८ साली खानापुरात लाकडाच्या वखारीसमोर लिलावातून आलेली ही गाडी उभी दिसली तेव्हा म्हशीसाठी ठेवलेले पैसे देऊन घेऊन आले. आई आठ दिवस बोलली नाही.

ऑलिव्ह ग्रीन रंग ठेवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२१ वा नियम आहे, तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. म्हणून आप्पांनी विटकरी रंग मारला. मागच्या वर्षी पुढचा बंपर घासताना विटकरीखाली हिरवा आणि हिरव्याखाली पांढऱ्या रंगातला वर जाणारा बाण निघाला, पुढं ८१. तेवढा तुकडा मी न घासता सोडला आहे. बाणापुढचे दोन आकडे म्हणजे ज्या साली गाडी फौजेत आली ते साल.

आप्पा गाडी कुठंही थांबवली की उतरून एक फेरी मारायचे. चारी चाकांच्या हबला हाताची मागची बाजू लावायचे. गरम लागलं तर बेअरिंग, एकच चाक गरम तर ब्रेक धरलाय. याला हॉल्ट परेड म्हणतात हे मला मोठेपणी कळलं. सकाळी फर्स्ट परेड, संध्याकाळी लास्ट परेड. आप्पा जाऊन चार वर्षं झाली. फेरी मीच मारतो.

आणि गाडी नुसती शोभेची नाही. गेल्या श्रावणात ओढ्यापलीकडच्या वाडीतली एक बाळंतीण आणायची होती. जीप ओढ्यात शिरेना, ट्रॅक्टरची मागची चाकं चिखलात फिरायला लागली. हिला फोर बाय फोरमध्ये टाकून लो गिअरला सोडली, क्लचला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, चालण्याच्या वेगानं पलीकडं गेली आणि परत आली. मुलगी झाली. बारशाला मला पहिल्या पंगतीत बसवलं होतं.

तेव्हा विचारायचं ते एवढंच. पेट्रोलची वाफ होऊन लाइन अडते, ते हेच का? असेल तर मूळ इंजिन ठेवून इलाज काय? आणि इथेनॉल सोसणारा डायाफ्राम कशाचा असतो?

निपाणीकर_गॅरेज:

दादा, लक्षणं वेपर लॉकचीच, म्हणजे वाफेनं लाइन अडण्याचीच वाटतात. पंप इंजिनला बसवलेला आहे, तो टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना लाइनमध्ये दाब कमी होतो, दाब कमी झाला की पेट्रोल कमी उष्णतेला उकळतं. त्यात इथेनॉल मिसळल्यावर वाफ आणखी लवकर. लाइन सायलेन्सरच्या पाइपाजवळून जाते का बघा. जात असेल तर लांबून फिरवा, वर उष्णतारोधक स्लीव्ह घाला. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमध्ये बेकलाइटची जाड चकती घाला, खालची धग वर चढत नाही.

पक्का इलाज म्हणजे टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप. तो ढकलतो, त्यामुळं लाइनमध्ये दाब राहतो. पण कार्बोरेटरला ३-४ पीएसआय पुरतं. नव्या इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावू नका. फ्लोटची सुई तो दाब धरत नाही, पेट्रोल वर सांडतं आणि खाली गरम मॅनिफोल्ड असतो. पंपाच्या वायरीत ऑइल प्रेशरचा स्विच घ्या, इंजिन बंद पडलं की पंपही बंद पडला पाहिजे.

रबर फ्लोरोकार्बनचं मागा, बाजारात व्हायटॉन म्हणतात. नुसतं काळं रबर देतील, घेऊ नका.

बॉक्साइट_रोड:

मी जोंगा, म्हणजे निस्सानचीच लष्करी जीप, वापरायचो, इंजिन हेच. तीन वर्षं झुंजलो आणि शेवटी डिझेल टाकलं. सुटलो. तुमच्या आप्पांचं कळतं, पण पेट्रोलच्या भावात गाडी उभीच राहणार. उभी राहिलेली गाडी जास्त कुजते, एवढं सांगतो. माझं जुनं इंजिन शेडात पडून आहे. पंप, डिस्ट्रिब्युटर, वॉटर पंप, काय लागेल ते येऊन घेऊन जावा. पैसे नकोत.

वनटन_८१:

बॉक्साइट रोडवाले दादा, मनापासून आभार. डिस्ट्रिब्युटरची कॅप नक्की लागेल, रविवारी येतो. उभी ठेवायची नाही हे तुमचं म्हणणं धरून ठेवतो.

निपाणीकर, लाइन सायलेन्सरपासून हातभर लांब आहे. त्यामुळं मन मानत नाही. तरी स्लीव्ह घातली. परवा वीस पोती भात भरून गेलो, पुन्हा त्याच वळणावर बंद.

माजी_ईएमई:

बाळ, सगळं वाचलं. चोवीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपमध्ये काढली, म्हणून एक विचारतो. ट्रॅक्टरचं झाकण बसवलंय म्हणालास. त्याला हवेचं भोक आहे काय की नाही?

टाकीतलं पेट्रोल जेवढं खाली जाईल तेवढी हवा वरनं आत आली पाहिजे. नाही आली तर टाकीत ओढ तयार होते आणि पंपाची ताकद तिथंच संपते. भरलेली गाडी चढावर जास्त पेट्रोल खाते, म्हणून लवकर अडते. अर्धा तास थांबलास की झाकणाच्या चुडीतनं हळूहळू हवा आत जाते आणि गाडी सुरू होते. तुला वाटतं इंजिन गार झालं म्हणून चालू झाली. गार होणं आणि हवा शिरणं, दोन्हीला वेळ तेवढाच लागतोय बघ.

दुसरं काही खोलू नकोस. पुढच्या वेळी बंद पडली की बॉनेटकडं जायचं नाही, सरळ टाकीकडं जा. झाकण फिरव आणि कान लाव. लगेच चालू झाली तर झाकण. नाही झाली तर निपाणीच्या भावाचं खरं.

वनटन_८१:

काका, आजच जाऊन आलो. वीस पोती तशीच ठेवली होती.

त्याच वळणावर आचके सुरू झाले. हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावला आणि टाकीकडं गेलो. झाकण अर्धा आटा फिरवलं तोच आत हवा ओढल्याचा आवाज आला. पंक्चर ट्यूबमधून हवा सुटते तसा, पण उलटा, आतल्या बाजूला. तीन-चार सेकंद चालला. झाकण सैल ठेवून सेल्फ मारला. फिल्टरची वाटी रिकामी झाली होती, ती डोळ्यांदेखत भरत गेली आणि इंजिनानं घेतलं. अर्धा तास नाही, दोन मिनिटंसुद्धा नाही. मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसलो. सहा महिने मी बॉनेटखाली डोकं घालून होतो.

घरी येऊन आप्पांची काळी ट्रंक उघडली. वर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि नंबर आहे. आत पाने, ग्रीसगनचं टोक, पॉइंटची डबी आणि तळाला फडक्यात गुंडाळलेलं मूळ झाकण. कुजलेलं वायसर बघून मीच ते बाजूला काढलं होतं, आईनं उचलून ट्रंकेत ठेवलेलं. उलटं केलं तर मध्ये तांदळाएवढं भोक, आत बारीक स्प्रिंगवर बसलेली चकती. धुळीनं बुजली होती. रॉकेलमध्ये भिजवून ब्रशनं घासली, तोंडानं ओढून बघितलं, हवा येते. वायसर उद्यमबागेत व्हायटॉनच्या शीटमधून कापून आणलं, चाळीस रुपये.

मूळ झाकण लावून कणकुंबीला माऊलीच्या देवळापर्यंत गेलो, पोत्यांसकट, मध्ये कुठंही न थांबता. उतरून फेरी मारली, चारी हब हाताला कोमट लागले.

एक गोष्ट राहिली. वर भर दुपारी दहा मिनिटं उभी केल्यावर परत सुरू करताना सेल्फ बराच मारावा लागला. ती मात्र धगीची वाफ दिसते, तेव्हा निपाणीकर, तुमची बेकलाइटची चकती बसवतोच. जाडी किती घ्यावी? आणि प्लगची टोकं राखेसारखी पांढरी पडलीत. इथेनॉलमुळं मिश्रण हलकं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, होत असेल तर मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक) एक नंबर मोठा घ्यायचा विचार आहे. ह्या इंजिनला कुणी घेतला असेल तर नंबर सांगा.

माजी_ईएमई:

जेट आधी बदलू नकोस. मूळ झाकणावर दोन टाक्या चालव, मग प्लग बघ. आजवर उपाशी चालली ती, त्यानंसुद्धा टोक पांढरं पडतं. आणि ते ट्रॅक्टरचं झाकण गाडीत ठेवू नकोस. घाईत कुणीतरी परत लावेल.

निपाणीकर_गॅरेज:

काकांना नमस्कार. माझं निदान चुकलं, झाकणाची ओळ मी वाचून पुढं गेलो होतो. चकती सहा मिलीमीटरची घ्या, पण मग कार्बोरेटरचे स्टड तेवढे लांब आहेत का ते आधी मोजा. नसतील तर मापं पाठवा, मी लेथवर काढून ठेवतो.