इनोकी पैलवान मोठा की दुकानदार मोठा?

तांबडी माती (धागाकर्ता)

अँटोनियो इनोकी १ ऑक्टोबर २०२२ ला वारला. तेव्हापासून बघतोय, विषय निघाला की 'महंमद अलीला नडलेला जपानी पैलवान' म्हणून लोक त्याला डोक्यावर घेतात. मला ते पटत नाही, म्हणून हा काथ्याकूट.

जपानी प्रो रेसलिंगमध्ये निकाल आधी ठरतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात वाईट काही नाही, तो वेगळा धंदा आहे. पण इनोकीने हयातभर एकच माल विकला: 'बाकीच्यांची नुरा (आधी ठरलेली), माझी तेवढी खरी.' मग खऱ्या लढतींत त्याने काय केलं ते बघू.

२६ जून १९७६, टोकियोचं बुदोकान. समोर अली. इनोकी पंधरा फेऱ्यांपैकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. निकाल बरोबरीचा. लोकांनी चिडून रिंगणात कचरा फेकला.

त्याच वर्षी १२ डिसेंबरला कराची. समोर अक्रम पैलवान, चाळिशी ओलांडलेला. इनोकीने त्याचा हात मोडला आणि जपानात जयजयकार झाला.

मग जून १९७९, लाहोरचं गद्दाफी स्टेडियम. समोर अक्रमचा पुतण्या झारा, विशीही न गाठलेला. आता मात्र बरोबरी! शेवटी इनोकीनेच झाराचा हात वर केला.

म्हाताऱ्याचा हात मोडला आणि पोरापुढे हात टेकले. पैलवान म्हणून हा माणूस मध्यम होता. संशयाचा धंदा कसा करावा, यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नाही.

जुनी तालीम

राव, 'मध्यम' म्हणताना जरा दमानं घ्या. हे पोरगं १९५७ साली घरच्यांबरोबर ब्राझीलला गेलं, आजोबा वाटेत बोटीवरच वारले. कॉफीच्या मळ्यात राबत गोळाफेक-थाळीफेक शिकलं. तिथून जपानी प्रो रेसलिंगचा जनक रिकिदोझान याने त्याला उचलून १९६० ला जपानात आणलं. पुढे कार्ल गॉचच्या हाताखाली तयार झालं. गॉच म्हणजे हाडं पिरगळणारा वस्ताद, नाटकी उड्या मारणारा नव्हे.

अलीच्या लढतीचं म्हणाल, तर इनोकीचे हातपाय नियमांनीच बांधले होते, असं त्याची बाजू कायम सांगत आली. फेक नाही, उभ्याने लाथ नाही. मग झोपून मारायचं नाही तर काय आरती ओवाळायची? अलीचे ठोसे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊन इस्पितळात गेला तो अली, इनोकी नव्हे. फाउलचे गुण कापले नसते तर निकालही इनोकीचाच होता.

तांबडी माती

नियम कुणी बांधले, कधी बांधले, यावर आजतागायत दोन बाजू दोन गोष्टी सांगतात. आणि इनोकीला हवं होतं तेच हे! निकाल स्पष्ट लागला असता तर पन्नास वर्षांनी आपण इथे बसलो असतो का?

वडगावकर

मला अलीपेक्षा कराचीवर बोलायचंय, कारण ती आपल्या मातीच्या जवळची गोष्ट आहे. अक्रम हा इमामबक्षचा मुलगा, म्हणजे थेट गामाचा पुतण्या. त्याच गामाने १९२८ ला पतियाळात पोलिश मल्ल झ्बिश्कोला मिनिटाच्या आत आडवा केला होता. अशा घराण्याचा पैलवान जपान्यापुढे हात मोडून बसला, हा धक्का केवढा असेल बघा.

पण लढतीचं गणित लक्षात घ्या. आपल्या कुस्तीत पाठ लागली की निकाल. पाठ न लावता हात पिरगळून समोरच्याला 'बस' म्हणायला लावणं, हा मातीतला निकाल नाही. अक्रमची सगळी सवय पाठ वाचवायची. इनोकी ज्युदोवाल्यांचा हाताचा पेच घालून बसला आणि अक्रम तिथे अडकला. हार मानणार तरी कसा? घराण्याची अब्रू होती. म्हणून मोडेपर्यंत ताणलं गेलं.

हीच कुस्ती लाल मातीत, लंगोटावर, चितपटीच्या बोलीने लावली असती तर? मी पैसे अक्रमवर लावले असते, वय झालेलं असलं तरी.

जुनी तालीम

वडगावकर, पेच बरोबर सांगितलात. पण त्या गड्याने परमुलखात, भरल्या मैदानात तो घातला. याला छाती लागते.

टोकियोकर

इथे बरीच वर्षं राहतोय म्हणून लिहितो. जपानी लोक इनोकीला फक्त पैलवान म्हणून आठवत नाहीत. हातात माइक घेऊन 'गेन्की देसु का' (बरे आहात का) विचारणारा, गळ्यात लाल मफलर असलेला आणि लोकांना कानफटात मारणारा माणूस म्हणून आठवतात. त्याची थप्पड खायला लोक रांग लावायचे, ती शुभ मानायचे. (मी खाल्लेली नाही, बायकोने जाऊ दिलं नाही.)

पण मुद्दा वेगळा आहे. डिसेंबर १९७१ मध्ये जुन्या संस्थेने त्याला हाकललं. काही आठवड्यांत त्याने न्यू जपान प्रो-रेसलिंग काढली. आज ती जपानातली सर्वांत मोठी कुस्ती कंपनी आहे. फुजिनामी, चोशू, सायामा, माएदा, फुजिवारा ही सगळी तिथलीच पोरं. 'खरी लढत' हे वेड त्यातल्या काहींनी मनावर घेतलं. त्यातून यूडब्ल्यूएफ ही कुस्ती कंपनी निघाली आणि पुढे पँक्रेस ही खऱ्या लढतींची संस्था. पँक्रेसचा पहिला कार्यक्रम सप्टेंबर १९९३ चा, म्हणजे अमेरिकेतल्या यूएफसीच्या दोन महिने आधीचा. आज मिश्र युद्धकलेचे सामने टीव्हीवर बघताना त्याचं थोडं श्रेय इनोकीला द्यावंच लागेल. धागाकर्ते ज्याला दुकान म्हणतात, त्या दुकानातून एक अख्खा खेळ बाहेर पडला.

खडूस

आणि त्याच वेडाने दुकान जवळजवळ बुडालं, ते का गाळलंत टोकियोकर? स्वतः निवृत्त झाल्यावर, म्हणजे १९९८ नंतर, इनोकीने कंपनीतल्या गड्यांना खऱ्या सामन्यांत ढकललं. युजी नागाता तेव्हाचा बिनीचा गडी. ३१ डिसेंबर २००१ ला क्रोएशियाचा लढवय्या क्रो कॉप याच्यापुढे उभा केला, अर्ध्या मिनिटाच्या आत खलास. दोन वर्षांनी त्याच तारखेला रशियाचा लढवय्या फेडोर याच्यापुढे, तिथेही मिनिटभरात आटोपलं. पब्लिक ज्याला हिरो समजत होतं, त्याची अशी धुलाई केल्यावर तिकिटं कोण घेणार? २००५ ला इनोकीने आपला हिस्सा विकला, तेव्हा कंपनीची अवस्था वाईट होती. स्वतः ठरलेल्या कुस्त्या जिंकत मोठा झाला, आणि खरा मार खायला दुसऱ्यांची पोरं पाठवली. याला मी पैलवान नाही म्हणणार आणि दुकानदारही नाही.

टोकियोकर

नागाताचं मान्य. त्यात बचाव करण्यासारखं काही नाही.

अनुताई

सगळे पुरुष हात-पाय मोडण्यातच अडकलेत. १९८९ ला त्याने स्वतःचा पक्ष काढला आणि जपानच्या वरिष्ठ सभागृहात निवडून आला. १९९० ला सद्दामने परदेशी नागरिक अडकवून ठेवले होते. तेव्हा हा बगदादला गेला, तिथे डिसेंबरात कुस्त्यांचा जलसा भरवला आणि अडकलेले जपानी घरी परतले. सरकारी अधिकाऱ्यांना जे जमलं नाही, ते याने जमवलं. त्या कुटुंबांना विचारा, तो मध्यम होता का ते.

खडूस

अनुताई, बगदादचं श्रेय देतो. मग १९९५ चं उत्तर कोरियातलं प्योंगयांगही घ्या. मे दिन स्टेडियममध्ये इनोकी विरुद्ध अमेरिकन मल्ल रिक फ्लेअर. दोन दिवसांत तीन लाखांवर प्रेक्षक, असं अजून अभिमानाने सांगतात. हुकूमशहाच्या राजधानीत लोक तिकीट काढून आले असतील असं वाटतं का तुम्हाला? आणि त्याच वर्षी हा निवडणूक हरला.

अनुताई

रिकिदोझान मूळचा त्याच भागातला होता, हे सोयीने विसरलात. गुरूच्या गावी शिष्य गेला.

वडगावकर

थोडं अवांतर. लू थेझ हा अमेरिकन मल्ल १९५७ ला टोकियोत रिकिदोझानशी लढला, १९६८ ला मुंबईत दारासिंगशी आणि १९७५ ला इनोकीशी. तिघांना जोडणारा हा दुवा. दारासिंगच्या कुस्त्या खऱ्या की नुरा, यावर आमच्या गावच्या पारावर अजून भांडणं होतात. पण दारासिंगने स्वतः कधी 'माझीच खरी' असा डांगोरा पिटला नाही. इनोकीबद्दल मला खटकतं ते एवढंच.

तांबडी माती

वडगावकर, अगदी हेच. आणि डांगोरा कसा, ते त्याच्याच कंपनीच्या १९८३ च्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बघा. हल्क होगनने मारलं आणि हा जीभ बाहेर काढून बेशुद्ध. मुळात इनोकीच जिंकायचा होता आणि त्याने परस्परच बेत बदलला, ही चर्चा जपानात अजून थांबलेली नाही. त्याच्या आपल्या माणसांनाही कळेना, खरं काय आणि सोंग काय.

जुनी तालीम

म्हणजे दुनियेला गंडवलं, वर आपल्या माणसांनाही गंडवलं. अहो, याला आमच्याकडे 'डाव' म्हणतात!

बरं, मला एक सांगा. २०१२ च्या डिसेंबरात हा सत्तरीला टेकलेला माणूस परत पाकिस्तानात गेला. पुढे त्याच झाराच्या पुतण्याला, हारूनला, जपानात नेऊन शिकवलं. ज्या घराण्याचा हात मोडला, त्याच घराण्याचं पोर पदरात घेतलं. हे कोणत्या दुकानासाठी?

तांबडी माती

पुढच्याच जुलैत वरिष्ठ सभागृहाची निवडणूक होती. उभा राहिला, निवडून आला. तारखा बघा.

जुनी तालीम

म्हणजे लाहोरच्या तालमीतली मतं जपानात मोजली गेली होय?