घर हलवताना सामान कोणाच्या हाती दिलंत?

मे महिन्यात पुण्याहून नागपूरला बिऱ्हाड हलवायचंय. दोन खोल्यांचं सामान, शिवाय आईचं लोखंडी कपाट आणि पायाचं शिलाई मशीन. फोनवर पाच जणांना विचारलं. सगळ्यात कमी भाव 14 हजार, सगळ्यात जास्त 38 हजार. एवढी तफावत ऐकून काय समजायचं तेच कळेना. ज्यांनी स्वतः सामान हलवलंय त्यांनी लिहा, बरं-वाईट सगळं. कंपनीचं नाव नको, पारख कशी केलीत ते हवंय.

*

भीती 14 हजारांची वाटू द्या. आम्ही पुणे–बंगळुरू असंच फोनवर 17 हजारांत ठरवलं. घरी कोणी बघायला आलंच नाही. सामान गाडीत चढल्यावर म्हणे माल जास्त निघाला, 29 हजार होतील. घर रिकामं, संध्याकाळी घरमालकाला किल्ली द्यायची. दिले. बंगळुरूत सामान उतरलं ते वेगळ्याच गाडीतून. फ्रिजचं दार चेपलेलं, पुस्तकांची दोन खोकी गायब. पावतीवरचा जीएसटी क्रमांक नंतर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला तर तो भलत्याच दुकानाचा. हे पाच मिनिटांचं काम मी आधी करायला हवं होतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. क्रमांक 15 अक्षरी असतो, महाराष्ट्रातली नोंदणी 27 ने सुरू होते. नाव जुळतं का, नोंदणी चालू आहे का, ते बघा. पूर्ण गाडी तुमची की पार्ट लोड, म्हणजे इतरांच्या सामानाबरोबर, हेही लिहून घ्या. गेलेल्या खोक्यांत वडिलांची हिशेबाची वही होती.

*

बँकेच्या नोकरीत माझ्या सहा बदल्या झाल्या. बदलीचं बिल लावताना आमच्याकडे इंडियन बँक्स असोसिएशनच्या यादीतल्या वाहतूकदाराची बिल्टी (माल नेण्यासाठी घेतल्याची पावती) मागायचे, त्यामुळे निदान खरी बिल्टी कशी असते ते कळलं.

विम्याचं नीट विचारा. किमतीच्या 3 टक्के वगैरे घेतात, पण पुष्कळदा ती मूव्हर्सवाल्याचीच हमी असते. विमा कंपनीची पॉलिसी, तुमच्या नावावर, गाडी निघायच्या आधी हातात हवी. यादीत प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिहा, आधीचे ओरखडेही लिहा. सामान उतरलं की लगेच सही मागतात. नग मोजा, काही फुटलं असेल तर त्याच कागदावर नोंदवा, मग सही. नुकसानभरपाईसाठी दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्यात तसं आहे. माझी ती मुदत एकदा हुकली आणि आईच्या काचेच्या कपाटाचे पैसे बुडाले. ग्राहक हेल्पलाइन 1915.

आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (माल गाडीने नेताना जीएसटीत काढावा लागणारा ऑनलाइन कागद) लागत नाही. त्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

*

ठाणे ते डोंबिवली. कंपनी केलीच नाही. नाक्यावरचा ओळखीचा छोटा हत्ती, दोन फेऱ्या, चार हमाल. जवळच्या जवळ एवढं पुरतं. नव्या सोसायटीत सामान चढवायची वेळ आणि लिफ्टचे नियम मात्र आधी विचारून ठेवा, आम्ही दुपारी दोन तास खाली उन्हात उभे होतो.

*

पुण्यात नव्या घरापाशी टेम्पो थांबला आणि चार जण आले, आम्ही माथाडी, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) द्या म्हणाले. सामान आमचं, उतरवणारे आमचे. ओळखपत्र मागितलं तर दमदाटी. आम्ही 112 ला फोन लावला तेव्हा निघून गेले. खऱ्या माथाडी कामगारांनी कष्टाने मिळवलेलं नाव हे लोक वापरतात, याचा फार राग येतो.

*

नाशिक–कोल्हापूर. आमचा माणूस घरी आला, दीड तास बसला. माळ्यावर काय आहे ते चढून बघितलं, तिकडचा जिना किती अरुंद आहे ते विचारलं. पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून त्याच पलंगाला चिकटवले, टीव्हीचं मूळ खोकं आहे का विचारलं. देव आणि दागिने गाडीत घेणार नाही, ते तुम्ही जवळ ठेवा, असं स्वतःहून सांगितलं. भाव मधला होता. ठरलेल्याहून एक रुपया वाढला नाही. कोल्हापुरात एक बरणी फुटलेली निघाली, ती त्याने आपणहून यादीत लिहिली.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. पाचही जणांना घरी बघायला या म्हटलं. दोघांनी होकार दिला, 14 हजारवाल्याने फोन उचलणं बंद केलं. आज रात्री आईला घेऊन यादीला बसतेय. मशीनच्या पायाला जुना तडा आहे, तो पहिल्यांदा लिहिते.