फॉर्मेशन फ्लाइटला मराठीत काय म्हणावं?

मंजिरी_अनुवाद: विज्ञान मासिकासाठी एक लेख मराठीत आणतेय. ९ नोव्हेंबर २०२१ला एअरबसची दोन ए-३५० विमानं ३ किलोमीटर अंतर राखून तुलूझहून माँट्रियलला गेली. पुढच्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे निघतात आणि त्यांच्या बाहेरच्या कडेला हवा वर चढते. मागचं विमान तिथे राहिलं की इंजिनाला जोर कमी लागतो. ती जागा नियंत्रण प्रणालीच धरून ठेवते. अशा फॉर्मेशन फ्लाइटसाठी मी 'स्वयंचलित संरचना-उड्डाण' लिहिलं. संपादकांनी 'संरचना' खोडलं. ती पुलाची असते म्हणे. दुसरं काय लिहू?

भीमाकाठ: 'थवा-उड्डाण' लिहा. भिगवणला हिवाळ्यात पट्टकदंब हंस येतात, ते हेच तर करतात.

वायुपुत्र: थवा नको! चिमण्यांचाही थवाच असतो. इथे प्रत्येकाची जागा ठरलेली. हवाई दलात आम्ही मराठी माणसंही 'फॉर्मेशन', 'लीडर', 'विंगमन'च म्हणायचो. तेच ठेवा.

धातुपाठ: 'व्यूह' हा शब्द असताना उसना कशाला? वि + ऊह्, ठरवून केलेली मांडणी. अगदी नेमका.

मंजिरी_अनुवाद: 'व्यूह' म्हटलं की अभिमन्यू आठवतो. ही प्रवासी विमानं आहेत, काका.

भीमाकाठ: माझी आजी पक्षी दिसले की म्हणायची, 'ओळ धरलीय बघ'. ओळ-उड्डाण?

वायुपुत्र: मागचं विमान पुढच्याच्या सरळ मागे नसतं, किंचित बाजूला असतं. सरळ मागे हवा खाली ढकलते, म्हणजे उलट तोटाच.

धातुपाठ: मला 'स्वयंचलित' जास्त खटकतंय. चलित म्हणजे हललेलं. चालवलेलं असेल तर 'चालित'. 'स्वचालित' हवं.

भीमाकाठ: ते हिंदी झालं. स्वयंचलित जिना, स्वयंचलित दार सगळ्या महाराष्ट्राला कळतं. व्याकरणासाठी वाचक का गमावायचा?

धातुपाठ: हिंदीने वापरला म्हणून संस्कृत शब्द परका होत नाही.

वायुपुत्र: दोन्हींत एकच गोची आहे. 'स्वयंचलित' वाचून लोकांना वाटेल की आत वैमानिकच नाही. दोन्ही विमानांत वैमानिक होते. यंत्र फक्त जागा राखत होतं.

मंजिरी_अनुवाद: मग 'स्वयंनियंत्रित'?

धातुपाठ: 'नियंत्रित' चालेल, पण 'स्वयं' कोण? विमान, यंत्र की वैमानिक?

भीमाकाठ: काका, 'स्वयंपाक' आपोआप होतो का? आजी तर चुलीपुढे बसलेली असायची.

धातुपाठ: स्वयंपाकातलं 'स्वयं' म्हणजे स्वतःच्या हाताने. आपोआप नव्हे. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

मंजिरी_अनुवाद: लेख सोमवारी द्यायचाय. संरचनेचं काय ते सांगा ना कुणीतरी.

भीमाकाठ: 'स्वयंवर'मध्ये कोणतं 'स्वयं' मग?